रिकविरचे ह्युगेल : तेरा पिढ्यांची वाटचाल

रिकविर गावातल्या एका जुन्या तळघरात ओकच्या लाकडाचे एक थोरले पिंप आहे. ‘सेंट कॅथरिन’ हे त्याचे नाव. ते घडवले गेले १७१५ साली. त्या वर्षी फ्रान्सचा चौदावा लुई निवर्तला, आणि इकडे बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रे मिळून दोन वर्षे झाली होती. पिंपात ८,८०० लिटर वाइन मावते. जगात अखंड वापरात असलेले सर्वांत जुने पिंप म्हणून गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली आहे. ते ज्या ह्युगेल घराण्याच्या मालकीचे आहे, त्याची या गावातली नोंद पिंपाहूनही ७६ वर्षांनी जुनी आहे.

घराण्याची वाटचाल समजायची तर आधी मुलूख समजून घ्यावा लागतो. फ्रान्सच्या ईशान्य कडेला, पश्चिमेचा व्होझ डोंगर आणि पूर्वेची ऱ्हाइन नदी यांच्या मधोमध अल्सास हा चिंचोळा पट्टा आहे. सह्याद्रीने आपला पाऊस कोकणात उतरवून घेतला की तासगाव-निफाडच्या वाट्याला कोरडी हवा येते आणि तिथे द्राक्ष पिकते. व्होझ डोंगर अल्साससाठी नेमके हेच काम करतो. अटलांटिकवरून येणारे ढग तो पलीकडच्या उतारावर रिते करतो. अलीकडच्या कोलमार शहरात वर्षाकाठी पाऊस पडतो तो साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांत कोलमारची गणना होते. डोंगराच्या पायथ्याशी, पूर्व-दक्षिणेकडे उतरत्या टेकड्यांवर द्राक्षमळे आहेत. वर्षातून छाटणी एकदाच, भर हिवाळ्यात. आणि पीकही एकच.

या मुलखाची आणखी एक खूण बाटलीवर दिसते. फ्रान्सच्या बहुतेक भागांत वाइनच्या बाटलीवर गावाचे किंवा मळ्याचे नाव असते; कोणत्या द्राक्षाची, हे घेणाऱ्याने जाणून असायचे. अल्सासमध्ये मात्र द्राक्षाच्या वाणाचे नाव ठळक छापतात : रीसलिंग, गेवुर्त्सट्रामिनर, पिनो ग्री, मस्कट. देवगड म्हणायचे की हापूस म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार. हे चार वाण इथे ‘खानदानी’ मानले जातात आणि पुढच्या सगळ्या हकिगतीत त्यांचीच बाजू लढवली गेली आहे.

हान्स उलरिख ह्युगेल १६३९ मध्ये रिकविरमध्ये येऊन स्थायिक झाले. काळ अत्यंत वाईट होता. तीस वर्षांच्या युद्धाने हा सारा प्रदेश तुडवला होता. १६३५ मध्ये खुद्द रिकविरला वेढा पडला होता. सोळाव्या शतकात अल्सासची वाइन ऱ्हाइनच्या पात्रातून नावांनी उत्तरेच्या बाजारपेठांत जात असे आणि त्या पैशावर गावांत लाकडी चौकटींची देखणी घरे उठली होती. युद्धाने घरे ओस पाडली, मळ्यांत रान माजले. अशा वेळी, जिथून लोक निघून जात होते तिथे, हा माणूस आला. गावाने त्यांना नागरिकत्वाचे हक्क दिले, आणि थोड्याच काळात द्राक्ष बागायतदारांच्या मातब्बर संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. हा संघ नियमांबाबत कडक म्हणून ओळखला जाई. बाहेरून आलेल्या माणसावर त्याने इतक्या लवकर विश्वास टाकावा, यावरून त्या माणसाची पारख होते.

१६७२ मध्ये त्यांच्या मुलाने दोरखंडवाल्यांच्या गल्लीत प्रशस्त घर बांधले. त्याच्या दारावर कोरलेले घराण्याचे चिन्ह आजही पाहायला मिळते. जर्मन भाषेत ‘ह्युगेल’ म्हणजे टेकडी; टेकडीवर पिकवणाऱ्यांना नावही टेकडीचेच लाभले.

त्या काळी रिकविर फ्रान्सचे नव्हते. चौदाव्या शतकापासून गावावर व्युर्टेम्बर्गच्या सरदारांची, पुढे ड्यूकांची सत्ता होती आणि ती फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकली. आसपासचा प्रदेश लुईच्या अमलाखाली गेला तरी हे तटबंदीचे गाव वेगळेच राहिले. १२९१ मध्ये बांधलेला डोल्डर बुरूज आजही गावाच्या वरच्या अंगाला उभा आहे. इथल्या मळ्यांची पत किती होती, याचा दाखला एका कर्जाच्या व्यवहारात सापडतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर तत्त्वज्ञ व्होल्तेर यांनी व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकला मोठी रक्कम व्याजाने दिली, तेव्हा तारण घेतले ते रिकविरच्या मळ्यांचे. राजेरजवाड्यांच्या शब्दावर व्होल्तेर यांचा फारसा भरवसा नसावा, द्राक्षवेलीवर होता.

याच शतकात ‘सेंट कॅथरिन’ पिंप तळघरात आले. मळा नीट राखणारे, वाइन सचोटीने करणारे असा ह्युगेलांचा लौकिक याच शतकाने पक्का केला. या शंभर वर्षांबद्दल सांगण्यासारखे नाट्य काही नाही. एका हंगामामागून दुसरा हंगाम नीट पार पडत गेला, इतकेच. शेतीच्या धंद्यात शंभर वर्षे अशी जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

राज्यक्रांती झाली, १७९६ मध्ये रिकविर फ्रान्सला जोडले गेले, आणि दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या. पहिली वाटण्यांची. नेपोलियनच्या कायद्याने वडिलांची जमीन सर्व मुलांत सारखी वाटणे बंधनकारक झाले. न्याय्यच होते ते. पण दोन-तीन पिढ्यांत मळ्यांच्या चिंध्या झाल्या. एका कुटुंबाच्या चार ओळी इथे, सहा ओळी तिथे. आपल्याकडे सात-बारावर नावे वाढत गेली की बांधावर काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. दुसरी अडचण हावरेपणाची. संघाचे निर्बंध सुटताच जो तो सपाटीवरच्या सुपीक जमिनीत भरघोस उतारा देणारे हलके वाण लावत सुटला. १८२८ च्या सुमारास अल्सासमधली लागवड ३०,००० हेक्टरवर पोचली. माल उदंड झाला, भाव पडले, आणि खानदानी वाण मागे पडले. मळ्यांच्या चिंध्या होत असतानाही वाइनचा व्यवहार एका नावाखाली एकत्र ठेवणे ह्युगेलांना जमले. पुढे घराणे टिकले, त्याचे निम्मे श्रेय या एकोप्याला द्यावे लागते.

खरी कसोटी पुढेच होती. १८७१ मध्ये युद्ध हरलेल्या फ्रान्सने अल्सास जर्मनीला दिले. जर्मन बाजाराला इथली उंची वाइन नको होती. त्यांना आपल्या आंबट वाइनमध्ये मिसळायला स्वस्त माल हवा होता. म्हणजे ज्या हलक्या वाणांनी घात केला होता, त्यांनाच पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. त्यातच रोगराई आली. अमेरिकेतून येऊन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सारा युरोप उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा ही मुळे खाणारी कीड, आणि जोडीला भुरी व केवडा. या तीन शत्रूंपैकी शेवटचे दोघे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराच्या रोजच्या ओळखीचे. त्यांच्यावर तो फवारतो ते मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण त्याच काळात फ्रान्सच्या बोर्दो भागात सापडले आणि त्या गावाचे नाव घेऊनच आपल्या बांधापर्यंत आले. किडीवरचा इलाज मात्र फवारणीचा नव्हता. अमेरिकन वेलीचे खुंट रोवून त्यावर आपल्या वाणाचे कलम करायचे, हा तो इलाज. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतात, त्या पद्धतीचे मूळ या संकटातच आहे.

सगळा मळा उपटून पुन्हा लावायचा, तर लावायचे काय, हा प्रश्न त्या पिढीपुढे होता. भराभर वाढणारे, रोगाला दाद न देणारे संकरित वाण हाताशी होते. जर्मन बाजार ते घ्यायला तयार होता. फ्रेडरिक एमील ह्युगेल यांनी उलट वाट धरली. १९०२ मध्ये त्यांनी जुने घर सोडले आणि रिकविरच्या मध्यभागी नवी वास्तू घेतली. संस्थेचा कारभार आजही तिथूनच चालतो. अल्सासची वाइन खानदानी वाणांचीच असली पाहिजे, हे म्हणणे त्यांनी दीर्घ आयुष्यभर लावून धरले. जर्मन अमलाखाली, जर्मन गिऱ्हाइकापुढे हे बोलणे परवडणारे नव्हते. पण १९१८ मध्ये अल्सास फ्रान्सकडे परतले आणि जर्मन बाजार एका रात्रीत बंद झाला, तेव्हा संकरित माल करणाऱ्यांची अवस्था अवघड झाली. फ्रान्सच्या बाजारात तो माल विचारतो कोण? बोर्दो आणि बुर्गुंदीच्या शेजारी उभे राहायचे तर तोलाचे काही हवे होते. ते ज्यांनी राखले होते, त्यांत ह्युगेल होते. फ्रेडरिक एमील यांच्यानंतर हे काम त्यांचे चिरंजीव झाँ ह्युगेल यांनी पुढे नेले.

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा पुन्हा आल्या. हा ताबा नुसता लष्करी नव्हता, गिळंकृत करणे होते. फ्रेंच बोलण्यावर बंदी आली, गावांची नावे बदलली, दुकानांच्या पाट्या जर्मनमध्ये रंगल्या, बेरे टोपी घालणेही गुन्हा ठरले. ऑगस्ट १९४२ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा हुकूम निघाला. अल्सास आणि शेजारचा मोझेल मिळून सुमारे १,३०,००० तरुणांना शत्रूचा गणवेश चढवून आघाडीवर, बहुतेकांना रशियात, पाठवले गेले. ‘मनाविरुद्ध गेलेले’ असेच नाव त्यांना फ्रेंचमध्ये पडले. हजारो परतले नाहीत. या घराण्यातील तरुणांवरही ती पाळी आली. मळ्यात उरले म्हातारे, बायका आणि मुले. त्या वर्षांतली काढणी त्यांच्या हातांनी झाली. १९४३ च्या उशिरा खुडलेल्या द्राक्षांची वाइन घराण्याच्या जुन्या चांगल्या सालांत मोजली जाते, ती या हातांची कमाई.

शेजारच्या मितेलविर गावात लोकांनी एका भिंतीवर निळी, पांढरी आणि लाल फुले लावली. झेंड्यावर बंदी होती, फुलांवर नव्हती. डिसेंबर १९४४ च्या सुरुवातीला अमेरिकी सैनिक रिकविरमध्ये आले. सुटका झाली असे वाटले, पण कोलमार २ फेब्रुवारी १९४५ पर्यंत जर्मन फौजांच्या हातून सुटले नाही. त्या दोन महिन्यांच्या हिवाळ्यात बेनविर, सिगोलसाइम, आमेरश्विर आणि ते फुलांच्या भिंतीचे मितेलविर, ही हाकेच्या अंतरावरची गावे जमीनदोस्त झाली. रिकविर वाचले. का वाचले, याला उत्तर नाही. तोफांची तोंडे दुसरीकडे होती, एवढेच. ७५ वर्षांत या कुटुंबाचे राष्ट्रीयत्व चार वेळा बदलले होते : १८७१, १९१८, १९४०, १९४५. तळघरातली पिंपे होती तिथेच होती.

युद्धानंतर, १९४८ मध्ये, अल्सासमध्ये द्राक्ष लागवड उरली होती जेमतेम ९,५०० हेक्टर. सुमारे १२० वर्षांपूर्वीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. याच काळात झाँ ह्युगेल यांचे तिघे मुलगे कामाला लागले : जॉर्ज, झाँ (यांना सारे जग ‘जॉनी’ म्हणूनच ओळखते) आणि आंद्रे. बापलेकांचे नाव एकच असणे ही तिकडची रीत. म्हणून टोपणनावांवाचून गत्यंतर नसते. आंद्रे यांना गावच्या इतिहासाचे वेड होते; कागदपत्रे जपून ठेवणारा एक तरी माणूस घरात असावा लागतो. जॉनी यांचा जन्म १९२४ चा. ते तळघराचे कारभारी होते आणि घराण्याचा आवाजही तेच.

मुलूख सावरत गेला. ३० मे १९५३ रोजी मार्लेनहाइमपासून थानपर्यंत सुमारे १७० किलोमीटरचा ‘वाइन मार्ग’ खुला झाला आणि पर्यटक गावोगाव येऊ लागले. १९६२ मध्ये अल्सासला प्रमाणित उगमनामाचा दर्जा मिळाला. फ्रान्सच्या इतर नामवंत भागांना तो १९३० च्या दशकातच मिळाला होता, अल्सासला युद्धाने पाव शतक मागे ठेवले. १९७२ पासून अल्सासची वाइन अल्सासमध्येच बाटलीबंद करण्याचे बंधन आले, तेही उंच, निमुळत्या बाटलीत. तिला ‘फ्लूत’ म्हणतात, म्हणजे बासरी.

जॉनी ह्युगेल यांच्या नावावर जे सर्वांत मोठे काम आहे, ते उशिराच्या काढणीचे. ते जरा सविस्तर सांगितले पाहिजे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात नेहमीची काढणी उरकते. त्यानंतरही काही ओळी मुद्दाम तशाच ठेवतात. कोरडी, ऊबदार शरद ऋतूची हवा, पहाटेचे धुके आणि दुपारचे ऊन लाभले तर मणी सुकत जातात, साखर आटते. एखाद्या भाग्याच्या वर्षी घडांवर राखी बुरशी चढते. आपल्याकडे घडावर ही बुरशी दिसली की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. तिथे जाणकार मंडळी तिची वाट पाहतात. पिकल्या मण्याच्या सालीला ती बारीक छिद्रे पाडते, पाणी उडून जाते, आणि आत राहतो तो मधासारखा दाट रस. तिला ते ‘खानदानी कूज’ म्हणतात. पण पाऊस आला तर सगळे मुसळ केरात. त्यातही असे मणी घडात विखुरलेले असतात. खुडणारा माणूस घड हातात घेऊन, बोटांच्या पेरांनी चाचपत, जांभळट-तपकिरी सुरकुतलेला मणी तेवढा वेचतो आणि बाकीचे सोडून देतो. नोव्हेंबरच्या थंडीत बोटे बधिर होतात. दिवसभराच्या वेचणीतून हाती येते ते थोडेच.

ह्युगेलांच्या घरी अशी वाइन पिढ्यान्‌पिढ्या होत आली. पण ती काय म्हणून विकायची, याला नियमच नव्हता. वर्षानुवर्षे बाटल्यांवर ‘आउसलेझे’, ‘बेरेनआउसलेझे’ असे जर्मन शब्द छापले जात. शिवाय कुणीही रसात साखर ढकलून गोड वाइन करावी आणि उशिराच्या काढणीची म्हणून खपवावी, याला आडकाठी नव्हती. जॉनी यांनी कायद्याचा मसुदा तयार केला आणि तो मंजूर होईपर्यंत पिच्छा सोडला नाही. १ मार्च १९८४ पासून नियम लागू झाले. ‘वांदांज तार्दिव’ म्हणजे उशिराची काढणी, आणि ‘सेलेक्सियों द ग्रँ नोब्ल’ म्हणजे वेचक खानदानी मणी, असे दोन वर्ग ठरले. ते चारच वाणांना खुले. वरून साखर घालायला बंदी. काढणीपूर्वी सरकारदरबारी वर्दी द्यायची. रसातल्या साखरेची तपासणी अधिकाऱ्यासमोर. आणि वाइन झाल्यावर दीड वर्षाने ती चाखणाऱ्यांच्या मंडळापुढे ठेवायची. त्यांनी नापास केली तर ते नाव लावता येत नाही. फ्रान्समधल्या सर्वांत कडक वाइन-नियमांत यांची गणना होते. या नियमांचा काच खुद्द ह्युगेलांनाही सोसावा लागतो. हवा साथ देत नाही त्या वर्षी अशी वाइन होत नाही. ओळी राखून ठेवल्याचा तोटा निमूटपणे गिळायचा.

दुसरा लढा मात्र त्यांना जिंकता आला नाही. अल्सासमधल्या उत्तमोत्तम टेकड्यांना ‘ग्रँ क्रू’ असा मान देण्याची योजना १९७५ मध्ये आली. श्लॉसबर्ग ही पहिली टेकडी ठरली. १९८३ मध्ये २५ जागा जाहीर झाल्या, १९९२ मध्ये तेवढ्याच आणखी, आणि २००७ मध्ये केफरकॉफ धरून संख्या ५१ झाली. सीमा आखण्याच्या सुरुवातीच्या कामात जॉनी स्वतः होते. पण आखणी पुढे सरकू लागली तसे त्यांना दिसले, की टेकडीचा खरा गाभा लहान, आणि सीमा मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांची मर्जी राखत पायथ्यापर्यंत ओघळते आहे. ते बाजूला झाले. ह्युगेलांची उत्तम जमीन शोएननबुर्ग आणि श्पोरेन या दोन टेकड्यांवर आहे. पैकी शोएननबुर्ग चढाची, चिकणमाती-जिप्समची, रीसलिंगसाठी नामांकित. श्पोरेन पसरट, भारी मातीची, गेवुर्त्सट्रामिनरची आवडती. दोन्ही अधिकृत ग्रँ क्रू. तरी घराण्याने वर्षानुवर्षे बाटलीवर तो शब्द छापला नाही. धंद्याच्या दृष्टीने हे नुकसानच होते.

या भूमिकेला विरोधही होता आणि तो पोकळ नव्हता. झिंड-हुम्ब्रेख्त हे १९५९ मध्ये दोन बागायतदार कुटुंबांच्या सोयरिकीतून उभे राहिलेले घर. त्यांनी टेकड्यांची नावे बाटलीवर अभिमानाने छापली आणि त्याच नावांवर जगभर मान मिळवला. रिबोविलेच्या त्रिम्बाखांचा वंश १६२६ पासूनचा. ते मात्र बराच काळ ह्युगेलांप्रमाणेच आपल्या घराच्या नावावर विसंबून राहिले. कायझर्सबर्गच्या पायथ्याशी वाइनबाख हा एके काळचा कापुचिन साधूंचा मळा. फालेर कुटुंबाने तो १८९८ मध्ये घेतला. १९७९ मध्ये थेओ फालेर गेल्यावर त्यांच्या पत्नी कोलेत यांनी मुलींना हाताशी धरून त्याचे नाव मोठे केले. ज्यांच्याजवळ नाव नव्हते, तळघर नव्हते, चार ओळींचाच मळा होता, अशा लहान बागायतदारांनी रिबोविलेत १८९५ मध्ये सहकारी संस्था काढली. फ्रान्समधल्या पहिल्या वाइन सहकारी संस्थांत ती गणली जाते. अल्सास या सर्वांचे मिळून आहे.

ह्युगेलांच्या यशातही पुष्कळांचा वाटा आहे. घराण्याची स्वतःची जमीन सुमारे ३० हेक्टर. त्यावर जगभरची मागणी भागणे शक्यच नाही. म्हणून परिसरातल्या बागायतदारांशी वर्षानुवर्षांचे करार आहेत. ही कुटुंबे घड पिकवतात, हातांनी खुडतात आणि रिकविरच्या तळघरात आणून देतात. त्यांचे नाव बाटलीवर नसते. तसेच पिंपे घडवणाऱ्यांचे, दुरुस्त करणाऱ्यांचे.

पिंपांची निगा हे तर स्वतंत्र शास्त्र. आधी रस पिंपात जातो कसा, ते पाहू. घड न चिरडता, सगळेच्या सगळे दाबयंत्रात घालतात. रस पंपाने न ओढता उताराने खाली वाहू देतात. तो एक रात्र निवळला की पिंपात जातो आणि आंबतो. जुन्या पिंपांच्या आतल्या बाजूला वर्षांमागून वर्षे क्षारांचे काचेसारखे चकचकीत पापुद्रे बसलेले असतात. त्यामुळे लाकडाचा वास वाइनला लागत नाही. द्राक्षाचा वास द्राक्षाचाच राहतो. पिंप रिकामे झाले की धुवावे लागते. त्याला तळाशी एक झडप असते, जेमतेम ताटाएवढी. धुणारा माणूस एक हात डोक्यावर ताणून, खांदे तिरके करून त्यातून आत शिरतो आणि अंधारात, कुंचा व पाण्याची नळी घेऊन भिंती घासतो. म्हणून तळघरात अंगाने सडपातळ माणसाला मोल असते. ‘सेंट कॅथरिन’ तीनशेहून अधिक वर्षे टिकले ते त्याच्या ओकामुळे, तितकेच या घासण्यामुळे.

१९९२ मध्ये घराण्याने ‘जांती’ पुन्हा बाजारात आणली. अनेक वाणांची द्राक्षे एकत्र करून वाइन करण्याची ही या भागातली जुनी रीत. हलक्या मालाच्या मिश्रणांनी ती बदनाम झाली होती. खानदानी वाण घालून, माफक किमतीत, घराण्याने तिला पुन्हा अब्रू मिळवून दिली. दोनशे वर्षांहून जुन्या कुटुंबसंस्थांच्या ‘हेनोकियन’ मंडळात, तसेच जगातल्या मोजक्या वाइन-घराण्यांच्या ‘प्रिमुम फामिलियाए विनी’ या संघात ह्युगेलांना स्थान मिळाले. या दुसऱ्या संघात बारापेक्षा जास्त घराणी घेतच नाहीत. बाटल्या शंभराहून अधिक देशांत जातात.

जॉनी ह्युगेल जून २००९ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी निवर्तले. बाराव्या पिढीतले मार्क तळघर सांभाळत होते आणि एतियेन जगभर फिरून घराण्याची वाइन लोकांसमोर ठेवत होते. २०१५ मध्ये त्यांनी शोएननबुर्गवरच्या एका लहानशा तुकड्याची, ‘शोलहामर’ची, २००७ सालची रीसलिंग प्रथमच बाजारात आणली. आठ वर्षे ती तळघरात पडून होती. जागेचे नाव न छापणाऱ्या घराण्याने अखेर एका जागेचे नाव छापले, पण सरकारने आखलेल्या मोठ्या टेकडीचे नव्हे, तर आपल्या पसंतीच्या काही ओळींचे. काकांचा हट्ट पुतण्यांनी आपल्या रीतीने पुरा केला म्हणायचा. दुसऱ्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, एतियेन अवघ्या ५७ व्या वर्षी गेले. घराण्याला हा धक्का मोठा होता. आज तेरावी पिढी कारभारात आहे.

तिच्यापुढचे संकट जुन्या कोणत्याही शत्रूसारखे नाही. पूर्वी ऑक्टोबरात सुरू होणारी काढणी आता सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कधी तर ऑगस्टअखेरीसच सुरू करावी लागते. उन्हाळे कडक झाले आहेत. रीसलिंगची जी चटकदार आंबट धार, तीच उष्णतेने बोथट होते. ती राखायची तर काढणीचा दिवस नेमका साधावा लागतो. जुन्या पिढ्यांना द्राक्ष पिकेल का, ही चिंता असे. आताच्यांना ते फार लवकर पिकू नये, याची आहे.

रिकविर कोलमारपासून सुमारे १३ किलोमीटरवर आहे. ह्युगेलांचे दुकान आणि कचेरी ज्या रस्त्यावर आहे, त्याला ‘पहिल्या फ्रेंच सेनेचा रस्ता’ असे नाव आहे. १९४५ मध्ये कोलमार मुक्त करणारी तीच सेना. तळघर त्याच आवारात आहे आणि ‘सेंट कॅथरिन’मध्ये आजही वाइन भरली जाते.